गेमचा शेवट मनात का राहतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

## या पानावर शेवट फोडलेले आहेत का?

हो, बरेच. शेवटांबद्दल बोलायचं आणि शेवट सांगायचाच नाही, हे जमत नाही. 'आउटर वाइल्ड्स', 'ब्रदर्स' आणि 'निअर: ऑटोमाटा' हे तीन गेम तुमचे खेळायचे राहिले असतील, तर त्यांचं नाव दिसताच तो भाग सोडून पुढे जा, ही मनापासून विनंती. बाकीच्यांचा शेवट आधी कळला तर थोडं नुकसान होतं. या तिघांचं मात्र फार मोठं होतं.

## गेमचा शेवट इतर गोष्टींच्या शेवटापेक्षा वेगळा का मानायचा?

गोष्ट ऐकताना आपण ऐकणारे असतो. नायक गेला की हळहळतो, पण त्याला वाचवायची जबाबदारी आपल्यावर कुणी टाकलेली नसते. गेममध्ये वीस-तीस तास आपलीच बोटं राबत असतात. कोणत्या कठड्यावरून उडी जमते, ढाल नेमकी कधी वर करायची, कुठल्या पात्राशी दोन शब्द जास्त बोलायचे, हे सगळं अंगवळणी पडलेलं असतं. म्हणून शेवटाला दोन गाठी मारायच्या असतात. एक पात्रांच्या गोष्टीची आणि दुसरी खेळाडूच्या हातांना लागलेल्या सवयीची.

पहिली गाठ लिहिणाऱ्याला दिसते, कारण ती कागदावर उतरते. दुसरी बऱ्याचदा राहून जाते. मग मोठ्या लढाईनंतर लांबलचक कटसीन, म्हणजे नुसतं बघायचं दृश्य, लागतो, आपण कंट्रोलर मांडीवर ठेवतो आणि इतके तास जे काम आपलं होतं ते आपल्याशिवायच पार पडतं. दृश्य कितीही देखणं असो, अशा वेळी मला काहीतरी हातातून काढून घेतल्यासारखं वाटतं. जे शेवट मला दहा-दहा वर्षांनी आठवतात, त्यांत शेवटची कृती मी स्वतः केलेली आहे, आणि ती करायला त्या गेमनेच मला आधी कधीतरी शिकवलेलं होतं. पुढची सगळी उत्तरं याच विचारातून आली आहेत.

## याचं एखादं नेमकं उदाहरण सांगाल?

'ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स' (2013). याचे दिग्दर्शक जोसेफ फारेस. आजारी वडिलांसाठी औषध आणायला दोन भाऊ निघतात आणि एकाच खेळाडूने दोघांनाही एकाच वेळी चालवायचं असतं. कंट्रोलरची डावी स्टिक आणि डावा ट्रिगर थोरल्याचा, उजवी स्टिक आणि उजवा ट्रिगर धाकट्याचा. पहिला अर्धा तास मेंदूची तारांबळ उडते. हळूहळू डावा हात म्हणजेच थोरला होऊन जातो, वेगळा विचार करावा लागत नाही.

धाकट्याला पाण्याची भीती आहे, कारण त्याची आई त्याच्या डोळ्यांदेखत बुडाली. त्यामुळे पाणी आलं की तो थोरल्याच्या पाठीला धरून पलीकडे जातो. शेवटाकडे थोरला मरतो. घरी परतताना खेळाडूचा डावा हात रिकामा असतो, आणि तो रिकामा असल्याचं बोटांना कळत राहतं. मग वाटेत पाणी आडवं येतं. धाकटा काठावर थबकतो. त्याचा स्वतःचा ट्रिगर दाबून काही होत नाही. आपण घुटमळतो, आणि कधीतरी डावं बोट आपोआप थोरल्याच्या ट्रिगरवर जातं. धाकटा पाण्यात उतरतो.

या गेममध्ये कळेल अशा भाषेत एकही वाक्य नाही, पात्रं बनावट भाषेत बोलतात. थोरला भाऊ धाकट्यात उरला आहे हे आपल्याला कुणी सांगत नाही. आपल्याच बोटाखाली ते घडतं. हे इतर कुठल्या माध्यमात होऊ शकलं असतं असं मला वाटत नाही.

## शेवटी मोठा बॉस हवाच का? आणि तो सगळ्यांत अवघड हवा का?

बॉस म्हणजे टप्प्याच्या किंवा गेमच्या शेवटी येणारा बलाढ्य शत्रू. दोन्हींचं उत्तर नाही. शेवटची परीक्षा शिकवलेल्या अभ्यासक्रमातली हवी, एवढंच. 'पोर्टल' (2007) इथे फार सुंदर वागतो. बंदुकीने भिंतींवर पोर्टल, म्हणजे एकातून शिरून दुसऱ्यातून निघायची दारं, उमटवायचा हा गेम. मध्यावर कुठेतरी तो तुम्हाला एक ठोकळा देतो, त्यावर हृदयाचं चित्र असतं. त्याला सोबत घेऊन एक लेव्हल पार करायची आणि शेवटी त्याला भट्टीत टाकायचं. तेव्हा खेळाडूला वाईट वाटतं, पण त्याच वेळी भट्टी कशी उघडते आणि वस्तू आत कशी टाकायची हेही तो शिकून घेतो. शेवटी ग्लाडोस या शत्रू यंत्रबुद्धीशी सामना होतो तेव्हा तिचे सुटे भाग त्याच पद्धतीने भट्टीत टाकायचे असतात. नवीन काहीही शिकावं लागत नाही, आणि त्या ठोकळ्याचा हिशेबही चुकता होतो.

'पोर्टल 2' (2011) मध्ये हेच आणखी धाडसाने केलं आहे. भिंतींवर पोर्टल उमटावं म्हणून लागणारा पांढरा द्राव चंद्रावरच्या खडकांपासून केलेला आहे, असं जुन्या ध्वनिमुद्रणात आपण जाता जाता ऐकतो. शेवटच्या क्षणी छत फाटतं, वर चंद्र दिसतो. काय करायचं ते कुणी सांगत नाही, पण बंदूक आपसूक वर होते. त्या एका गोळीत खेळाडूला जितकं हुशार वाटतं तितकं अवघड बॉसला पन्नास वेळा हरून शेवटी जिंकल्यावरही वाटत नाही.

याउलट 'बायोशॉक' (2007). मध्यावरचा त्याचा कलाटणीचा प्रसंग, जिथे आपण आजवर आज्ञाच पाळत आलो हे उघड होतं, गेम्सच्या इतिहासात मोठा मानला जातो आणि तो मान त्याला शोभतो. पण त्यानंतर गेम बराच वेळ चालतो आणि शेवटी एका आडदांड राक्षसाशी नेहमीची मारामारी येते. आज्ञा पाळणं म्हणजे काय, हा प्रश्न गेमनेच उभा केला होता. त्या लढाईत त्याचा मागमूस नाही.

अवघडपणाबद्दल एक गोष्ट मात्र खरी. ज्या गेमचा विषयच चिकाटी आहे त्याचा शेवट सोपा असला तर फसवणूक वाटते. 'सेलेस्ट' (2018) मध्ये डोंगर चढायचा आहे. शिखराचा टप्पा आधीच्या सगळ्या टप्प्यांतल्या युक्त्या पुन्हा एकेक करून विचारतो, आणि शेवटच्या चढणीला उतरत्या आकड्यांचे झेंडे लावलेले आहेत. मी तिथे शेकड्यांनी वेळा पडले. पण प्रत्येक झेंड्याला आकडा एकाने कमी होत होता, म्हणून एकदाही कंट्रोलर बाजूला ठेवावासा वाटला नाही.

## शेवटी खेळाडू हरणारच असेल, तर समाधान कसलं?

समाधान जिंकण्यात असतं असा आपला समज गेम्सनीच करून दिला, आणि तो मोडलाही गेम्सनीच.

'शॅडो ऑफ द कोलॉसस' (2005) मध्ये वॉन्डर नावाचा तरुण मृत मुलीला परत आणण्यासाठी सोळा महाकाय प्राण्यांना मारतो. यात गेमप्ले म्हणजे मुख्यतः धरून ठेवणं. प्राण्याच्या केसाळ अंगावर चढायचं, तो अंग झटकतो, आपण बटण दाबून घट्ट पकडून राहायचं. शेवटी वॉन्डर पुन्हा लहानखुरा, दुबळा होऊन पडतो आणि एक प्रचंड ओढ त्याला कुंडाकडे खेचू लागते. कंट्रोल आपल्या हातात असतात. पायऱ्या धरता येतात, चार पावलं पुढे सरकताही येतं. मुलगी समोर दिसते. पण तिच्यापर्यंत कधीच पोचता येत नाही. सोळा वेळा ज्या पकडीने जिंकलो तीच पकड इथे सैल पडते, आणि कधी सोडायचं हे आपल्यालाच ठरवावं लागतं. मी किती वेळ धरून होते ते सांगता येणार नाही. हे निष्फळ आहे हे पहिल्या मिनिटात कळलं होतं, तरी सोडवत नव्हतं.

'हेलो: रीच' (2010) हेच कमी शब्दांत करतो. क्रेडिट्सनंतर तुम्ही एकटे उरता आणि पडद्यावर उद्दिष्ट येतं ते फक्त जगत राहण्याचं. शत्रू येतच राहतात, शिरस्त्राणाची काच तडकत जाते. फुटलेलं शिरस्त्राण गेमच्या अगदी सुरुवातीलाच दाखवलेलं असतं, त्यामुळे हे कुठे जाणार ते माहीत असतं.

आणि 'रेड डेड रिडेम्प्शन' (2010). जॉन मार्स्टनचा पाठलाग संपतो, तो घरी येतो. इथे बहुतेक गेम थांबले असते. हा गेम आपल्याला गुरं वळायला लावतो, घोडे माणसाळवायला लावतो, मुलासोबत शिकारीला पाठवतो. कित्येकांना हा भाग रेंगाळलेला वाटतो. मला तोच शेवटाचा पाया वाटतो, कारण गमावण्यासारखं काही हातात आलं तरच गमावण्याला वजन येतं. मग सैनिक येतात. जॉन कोठाराचं दार उघडतो, समोर रांग उभी असते आणि वेळ मंदावते. वेळ मंदावून नेम धरण्याच्या याच कौशल्याने आपण अख्खा गेम जिंकत आलो होतो. इथे कितीही चपळाईने नेम धरला तरी सगळे पडत नाहीत.

या तिन्ही ठिकाणी हरणं खेळाडूच्या हातून घडतं. कटसीनमध्ये नायकाला मारून टाकलं असतं तर आपण चिडलो असतो.

## निवडीनुसार बदलणारे अनेक शेवट असलेला गेम जास्त चांगला का?

संख्येवरून काही ठरत नाही. 'क्रोनो ट्रिगर' (1995) मध्ये दहाहून जास्त शेवट आहेत आणि ते गंमत म्हणून गोळा करायला मजा येते, कारण गेम पुन्हा पहिल्यापासून पण कमावलेल्या ताकदीसह खेळण्याची सोय त्यातच दिली आहे. पण शेवटच्या खोलीत तीन दारं उभी करून एक निवडायला सांगणं म्हणजे खेळाडूच्या प्रवासाला दिलेलं उत्तर नव्हे. तिथे फक्त शेवटच्या अर्ध्या मिनिटाला किंमत येते.

मला 'सायलेंट हिल 2' (2001) ची रीत फार आवडते. तो विचारत नाही, बघत राहतो. जखमी अवस्थेत उपचार न करता किती वेळ फिरलात, एका दुःखी मुलीने दिलेली सुरी किती वेळा न्याहाळलीत, यावरून तो नायकाच्या मनात जगण्याची इच्छा किती आहे ते ठरवतो आणि तसा शेवट देतो. परीक्षा चालू आहे याचा पत्ताच नसल्याने खेळाडू खरा वागतो.

'द विचर 3' (2015) मध्येही नायकाने मुलीसारखं वाढवलेल्या सिरीचं पुढे काय होतं ते मोठ्या राजकीय निर्णयांपेक्षा साध्या प्रसंगांवर जास्त ठरतं. ती खचलेली असताना तिच्याशी बर्फाचे गोळे फेकत खेळलात का, तिला स्वतःच्या पायांवर उभं राहू दिलंत का. मुलीला वाढवणाऱ्या माणसाची ही गोष्ट आहे, तेव्हा हिशेब त्याच्या वागण्याचाच व्हायला हवा होता, आणि तो तसाच होतो.

## 'मास इफेक्ट 3' च्या शेवटावर एवढा गदारोळ का झाला होता?

तीन गेम (2007, 2010 आणि 2012), एकच नायक शेपर्ड, आणि पहिल्या गेममधली सेव्ह फाइल (खेळाची जतन केलेली नोंद) पुढच्या गेममध्ये नेण्याची सोय. पाच वर्षं खेळाडूंना सांगितलं गेलं की तुमचे निर्णय लक्षात ठेवले जात आहेत. मार्च 2012 मध्ये शेवट आला तेव्हा अगदी अखेरच्या मिनिटांत एक अनोळखी अस्तित्व मुलाच्या रूपात प्रकट होतं आणि तीन पर्याय पुढे ठेवतं. त्यानंतरची दृश्यं बरीचशी सारखी होती, मुख्य फरक लाल, निळ्या आणि हिरव्या रंगाचा. शेवट बदलावा म्हणून खेळाडूंनी मोहीम उघडली. त्याच मोहिमेत त्यांनी रुग्णालयांतल्या मुलांना खेळणी आणि गेम पुरवणाऱ्या एका संस्थेसाठी सुमारे 80 हजार डॉलरही जमवले. 26 जून 2012 ला गेम बनवणाऱ्या बायोवेअर कंपनीने वाढवलेला शेवट फुकट दिला. त्यात सोबत्यांचं पुढे काय झालं ते दाखवलं आणि तिन्ही पर्याय नाकारण्याची मुभाही दिली.

रंगांची तक्रार मला वरवरची वाटते. खरं दुखणं वेगळं होतं. तिन्ही गेममध्ये आपण मुख्यतः काय करतो? माणसं जोडतो. जहाजाच्या प्रत्येक मजल्यावर जाऊन सोबत्यांशी बोलतो, त्यांची भांडणं मिटवतो, त्यांच्यासाठी जिवावर उदार होतो. शेवटी हे सगळे मागे राहतात आणि शेपर्ड एकटा लंगडत एका परक्याचं म्हणणं ऐकतो. गेमने शिकवलेलं मुख्य काम शेवटात वापरलंच जात नाही.

गंमत अशी की याच गेममध्ये अप्रतिम शेवट भरपूर आहेत. एका अख्ख्या जमातीवर लादलेलं वंध्यत्व दूर करायला मॉर्डिन हा सोबती जळत्या मनोऱ्यात चढतो, तो प्रसंग दोन गेमची गाठ आहे आणि आपल्या निर्णयांवरच उभा आहे. लंडनमधल्या अखेरच्या हल्ल्याआधी प्रत्येक सोबत्याचा निरोप घेता येतो. खरा शेवट तिथे होऊन गेला होता. 2013 मध्ये आलेल्या 'सिटाडेल' या डीएलसीत (गेमला नंतर जोडलेल्या भागात) शेपर्डच्या घरी सगळे जमतात, गप्पा मारतात, धिंगाणा घालतात. अनेक खेळाडू तोच आपला निरोप मानतात, आणि मीही.

## खेळाडूंच्या तक्रारीवरून शेवट बदलणं योग्य आहे का?

शेवट दुःखी आहे म्हणून बदलू नये. गेमने स्वतःचेच नियम मोडले असतील, तर जरूर बदलावा. 'फॉलआउट 3' (2008) हे चोख उदाहरण आहे. शेवटी किरणोत्सर्गाने भरलेल्या खोलीत कुणीतरी जाऊन मरायला हवं असतं. पण तुमच्यासोबत फॉक्स नावाचा सोबती असू शकतो, ज्याला किरणोत्सर्गाने काहीच होत नाही. त्याच गेममध्ये आधी तो तुमच्यासाठी अशाच एका जागेतून वस्तू काढूनही आणतो. शेवटी मात्र हे तुझं प्राक्तन आहे असं म्हणून तो नकार देतो. 2009 च्या 'ब्रोकन स्टील' या डीएलसीमध्ये त्याला आत पाठवता येऊ लागलं आणि शेवटानंतर खेळत राहण्याचीही सोय झाली. ही दुरुस्तीच होती.

## सगळ्यांत उत्तम शेवट कोणत्या गेमचा?

माझ्यापुरतं उत्तर ठरलेलं आहे: 'आउटर वाइल्ड्स' (2019). न खेळलेल्यांनी इथून सरळ पुढच्या प्रश्नावर जावं.

एका छोट्या सूर्यमालेत तुम्ही अंतराळवीर आहात. 22 मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो, सगळं संपतं आणि तुम्ही पुन्हा शेकोटीपाशी जागे होता. शस्त्र मिळत नाही, ताकद वाढत नाही. एका फेरीतून दुसऱ्या फेरीत येतं ते फक्त तुम्हाला कळलेलं. म्हणजे शेवटाकडे जाणारी वाट पहिल्या मिनिटापासून उघडी असते, फक्त ती तुम्हाला माहीत नसते.

जेव्हा सगळं उमगतं, तेव्हा कळतं की पुढे जायला लागणारा भाग त्याच यंत्रात आहे जे काळाचं हे चक्र चालवतंय. तो काढला की चक्र थांबतं. इतका वेळ मरण म्हणजे थोडासा उशीर होता. आता मेलो तर मेलोच. मग तो भाग घेऊन सगळ्यांत भीतिदायक ग्रहातून, आंधळ्या हिंस्र माशांच्या मधून, इंजिन बंद ठेवून तरंगत जायचं. हे सगळं आधी करून झालेलं असतं. तरी त्या फेरीत माझे हात थरथरत होते, कारण नियम तेच असूनही त्यांची किंमत बदलली होती.

आणि त्यानंतर मारामारी नाही, बॉस नाही. वेगवेगळ्या ठिकाणी एकेक प्रवासी आपापलं वाद्य वाजवत बसलेला असतो आणि आपल्या यंत्रावर त्यांचे सूर दुरून ऐकू येतात. तेच सूर ऐकत आपण एकमेकांपासून लांब असलेल्या या माणसांना शोधलेलं असतं. शेवटी ते सगळे एका शेकोटीभोवती जमतात. तुम्ही एकेकाला आणता, आणि एकेक वाद्य मिसळत एक धून पुरी होते. विश्व संपणार आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. कुणी थांबवायचा प्रयत्न करत नाही.

## जुन्या गेम्सना शेवट असायचा का?

पुष्कळांना नसायचा. आर्केडमध्ये नाणं टाकून खेळायचं, त्यामुळे गेम संपणं म्हणजे खेळाडूचं हरणंच. 'पॅक-मॅन' (1980) च्या 256 व्या लेव्हलला आकडा मोजण्याची जागा अपुरी पडते आणि अर्धा पडदा अक्षरांच्या कचऱ्याने भरून जातो. हा शेवट कुणी ठरवलेला नव्हता. त्याच वर्षीच्या 'मिसाइल कमांड' मध्ये मात्र शहरं वाचवता वाचवता सगळी नष्ट झाली की पडद्यावर नेहमीचं 'गेम ओव्हर' येत नाही, 'समाप्त' अशा अर्थाचे दोन इंग्रजी शब्द स्फोटात उमटतात. तेवढ्या बदलाने खेळाचं रूप पालटतं.

जुन्यांतला माझा आवडता 'प्रिन्स ऑफ पर्शिया' (1989). आरशातून उडी मारताना आपलीच सावली सुटी होते आणि पुढे वेळोवेळी आडवी येते. अखेरीस ती तलवार घेऊन समोर उभी राहते. तिला वार केला की आपलंच रक्त कमी होतं. उपाय एकच, तलवार म्यान करून तिच्याकडे चालत जाणं. गेम पुरा करायला मिळालेला एकुलता एक तास संपत आलेला असताना शस्त्र खाली ठेवण्याचा विचार सुचणं, हे त्या काळात किती नवीन होतं!

## ज्यात गोष्टच नाही, अशा गेमचं काय?

तिथे शेवट खेळाडूच शोधतात. डिसेंबर 2023 मध्ये एका 13 वर्षांच्या मुलाने निन्टेन्डोच्या जुन्या मशीनवरचा 'टेट्रिस' इतका पुढे नेला की 157 व्या लेव्हलला गेम गोठला. तीस-पस्तीस वर्षं ज्याला शेवट नव्हता त्याला तो मिळाला. त्या मुलाला आनंदाने श्वास घ्यायला जमत नव्हतं.

## क्रेडिट्स बघायला हवेत का?

हो. निदान पहिल्यांदा तरी. ज्यांनी पाच-सहा वर्षं राबून तो गेम केला त्यांची ती नावं आहेत, आणि मन शांत व्हायला तेवढा वेळ लागतोच.

काही गेम्सनी क्रेडिट्सलाच शेवट केलं आहे. 'जर्नी' (2012) मध्ये वाटेत एक अनोळखी सोबती भेटतो. त्याचं नाव दिसत नाही, बोलता येत नाही, फक्त सूर काढता येतो. बर्फात दोघं एकमेकांना खेटून ऊब घेत चढतात. तो खरा कुणीतरी माणूस होता, आणि एकच वाटलेला तो कदाचित दोघं-तिघं होते, हे क्रेडिट्सनंतर त्यांची नावं झळकतात तेव्हा कळतं.

'निअर: ऑटोमाटा' (2017) त्याहून पुढे जातो. अखेरच्या शेवटात क्रेडिट्समधली नावंच तुमच्यावर गोळ्या झाडू लागतात. एकट्याने ते पार करणं जवळजवळ अशक्य. पुन्हा पुन्हा मेल्यावर जगभरातल्या खेळाडूंचे धीर देणारे संदेश दिसू लागतात, मग मदतीचा प्रस्ताव येतो. तो स्वीकारला की इतरांची यानं तुमच्याभोवती कडं करतात. गोळी लागली की कुणाचा तरी डेटा गेल्याची ओळ येते. सगळं पार पडल्यावर गेम विचारतो: तुम्हीही एखाद्या अनोळखी खेळाडूला अशी मदत कराल? त्यासाठी तुमची सगळी सेव्ह फाइल पुसली जाईल. मी हो म्हटलं. कितीतरी रात्रींची कमाई एकेक पान करत पुसली जाताना बघत बसले, आणि आधी माझ्यासाठी कुणीतरी हेच केलं होतं हे तेव्हा खऱ्या अर्थाने कळलं.

## पुढच्या भागासाठी अर्धवट सोडलेला शेवट चालतो का?

पुढचा भाग आला तर. 'हाफ-लाइफ 2: एपिसोड टू' ऑक्टोबर 2007 मध्ये एका मृत्यूवर आणि आक्रोशावर थांबला. ज्या तिसऱ्या एपिसोडची वाट बघितली तो आलाच नाही. त्या क्षणाला पुन्हा हात लागला तो 2020 च्या 'हाफ-लाइफ: ॲलिक्स' मध्ये. पुढची गोष्ट खुणावत ठेवायला हरकत नाही, पण ज्या प्रश्नासाठी खेळाडूने हा गेम सुरू केला त्याचं उत्तर याच गेममध्ये मिळालं पाहिजे.

## बहुतेक लोक शेवटापर्यंत जातच नाहीत. मग एवढी मेहनत कशाला?

हे खरं आहे. स्टीम या गेम विकणाऱ्या संकेतस्थळावर मोठ्या गेम्सच्या अचीव्हमेंट्स (खेळाडूंनी गाठलेल्या टप्प्यांची नोंद) बघितल्या तर कथा पूर्ण केलेल्यांची टक्केवारी अनेकदा निम्म्याच्या खालीच दिसते. यातून कुणी असा अर्थ काढतं की पैसा सुरुवातीवर घालावा. मी उलटं म्हणेन: गेम छोटा करा. ज्यात शेवट खरोखर पचवलेला असतो असे पुष्कळ गेम दोन ते वीस तासांचे आहेत. 'हेडीज' (2020) ने वेगळा मार्ग काढला. पहिल्यांदा पाताळातून निसटलात की आईची भेट होते, पण क्रेडिट्स दहा वेळा निसटल्यावर. हरणं-जिंकणं गोष्टीतच मुरल्यामुळे लोक परत परत जातात.

## यूट्यूबवर शेवट बघून घेतला तर?

कथा कळेल. 'ब्रदर्स' चा तो ट्रिगर मात्र दुसऱ्याच कुणाच्या बोटाखाली दाबला गेलेला असेल.

## मी स्वतः गेम बनवतोय. शेवट कसा ठरवू?

कथेची वही बाजूला ठेवा आणि खेळाडू तुमच्या गेममध्ये सगळ्यांत जास्त वेळ काय करतो ते एका क्रियापदात लिहा. पकडतो, चढतो, ऐकतो, लपतो, जोडतो. शेवटात तेच क्रियापद हवं, पण त्याचा अर्थ बदललेला. पकडणाऱ्याला सोडावं लागेल, लपणाऱ्याला समोर यावं लागेल. मग मागे जा आणि त्या क्षणासाठी जे लागेल ते खेळाडूला नकळत, दुसऱ्याच कारणाने शिकवून ठेवा. पोर्टलच्या भट्टीसारखं.

लढाई आणि क्रेडिट्स यांच्यात पाच मिनिटं शांतता ठेवा. खेळाडूला फिरू द्या, कुणाशी बोलू द्या. आणि कुणाला तरी खेळायला देऊन शेवटच्या वेळी पडदा बघू नका, त्याचे हात बघा.

## शेवटांसाठी म्हणून खेळायचं तर सुरुवात कुठून करू?

'जर्नी' पासून. दोन तासांत होतो, एका संध्याकाळी सलग खेळा आणि इंटरनेट चालू ठेवा, नाहीतर सोबती भेटणार नाही. मग 'पोर्टल' आणि 'ब्रदर्स', दोन्ही तीन-चार तासांचे. 'ब्रदर्स' कंट्रोलरवरच खेळा, कीबोर्डवर त्यातला जीव जातो. 'आउटर वाइल्ड्स' ला पंधरा-वीस तास द्या आणि जवळ एक कोरी वही ठेवा. अडलात तरी उत्तर शोधायला बाहेर जाऊ नका. दुसऱ्या ग्रहावर जा, तिथे काहीतरी सापडेल.